आधी सुधारायचं, मग यायचं?

या खेपेला चार पत्रांना उत्तरं देत आहे. लिहिणाऱ्यांची नावं आणि ओळख पटेल असा तपशील मुद्दाम काढून टाकला आहे. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. ते आवरतं घ्यावं असं मला वाटलं नाही.

प्रश्न : ताई, आईला अर्धांगवायू झाल्यापासून ती अंथरुणाला खिळून आहे. तिचं सगळं मी एकटी करते. दिवसा निभावतं, पण रात्री पुन्हा चादर ओली झाली की माझा तोल जातो. मी तिच्यावर ओरडते, नको नको ते बोलते. परवा कूस बदलताना मी तिचा हात जोरात ओढला. मनगटावर वळ उठला. तिला बोलता येत नाही, ती नुसती बघत राहिली. रविवारी उपासनेला गेले, सगळ्यांबरोबर गीतं म्हटली आणि मला स्वतःची किळस आली. सुधारेपर्यंत प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत येशूच्या आठवणीत वाटली जाणारी भाकर आणि प्याला, घ्यायचं नाही असं ठरवलंय. मंडळीत जाणंच थांबवावं असंही वाटतं. ख्रिस्ती म्हणवून घ्यायची माझी लायकी आहे का?

उत्तर : भगिनी, आधी आईच्या हाताबद्दल बोलू. मी कितीतरी वर्षं परिचारिकेचं काम केलं आहे, त्यामुळे तुमचं पत्र वाचताना माझी नजर त्याच ओळीवर अडली. अर्धांगवायूत लुळ्या बाजूच्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात. तो हात ओढला तर खांदा सांध्यातून निसटू शकतो, आणि वाचा गेलेल्या माणसाला दुखतंय हे सांगता येत नाही. उद्याच डॉक्टरांना हात दाखवा आणि वळ कसा उठला तेही खरं सांगा. यापुढे वळवताना हाताला धरायचंच नाही. एक हात तिच्या खांद्यामागे, दुसरा कमरेमागे ठेवून वळवा. नाहीतर तिच्या अंगाखाली एक दुमडलेली चादर आडवी घालून ठेवा आणि ती धरून तिला कुशीवर घ्या.

तुम्ही श्रद्धेचं विचारलंत आणि मी चादरीचं सांगतेय असं वाटेल. पण माझ्या मते उत्तराची सुरुवात इथेच आहे. आपल्या हातून ज्याला लागलं, त्याच्याकडे आधी बघायचं. तुमचं जवळजवळ सगळं पत्र ‘मी कशी आहे’ याबद्दल आहे, आई त्यात जेमतेम येते. बोल लावायला म्हणत नाही. अपराधी वाटू लागलं की माणूस स्वतःभोवतीच फिरत राहतो, आणि त्या फिरण्यालाच पश्चात्ताप समजून बसतो.

तेव्हा आईची माफी मागा. तिला बोलता येत नाही म्हणून तिला कळत नाही असं धरून चालू नका. वाचा गेलेल्या अनेक रुग्णांना समोरच्याचं बोलणं बरंचसं समजतं. तिच्या नजरेसमोर येईल असं बसा, त्या मनगटावर हळूच हात ठेवा आणि साध्या शब्दांत सांगा, ‘आई, मी तुझा हात ओढला. मी चुकले.’ कारणं जोडू नका. ‘मी किती दमले होते’ हे खरं आहे, पण ते त्या क्षणी तिला ऐकवायचं नाही. तिनं तोंड फिरवलं तर फिरवू द्या. माफी मागितली म्हणून ती लगेच मिळालीच पाहिजे असा हक्क आपल्याला नसतो.

आता तुमच्या दमण्याबद्दल. राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय काढून बसा. एलीया संदेष्टा जीव मुठीत धरून रानात पळाला आहे आणि झुडपाखाली बसून मरण मागतो आहे. त्या घडीला देव त्याला उपदेश करत नाही, जाबही विचारत नाही. त्याला झोपू देतो. देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा उठवून त्याला खायला मिळतं. ‘इथे तू काय करतोस?’ हा प्रश्न त्यानंतर चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर, डोंगरावर येतो. रुग्णांजवळ जागरणं काढणाऱ्या नातेवाइकांना मी हा अध्याय पुष्कळदा वाचून दाखवला आहे, कारण शरीर मोडलेल्या माणसाशी देव कसा वागतो हे त्यात दिसतं.

आईवर ओरडणं आणि तिचा हात ओढणं हे पाप आहे. झोपेसाठी जीव कासावीस होणं हे पाप नाही. या दोन गोष्टींची गल्लत करू नका, कारण दुसरीला पाप समजलात तर मदत मागायची लाज वाटेल आणि पहिली पुन्हा घडेल. अंथरुणावरच्या माणसाला बेडसोअर होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. रुग्णालयात एवढ्याच कामासाठी माणसांच्या पाळ्या लावलेल्या असतात. ते रात्रंदिवस एकटीच्या अंगावर घेणं म्हणजे भक्ती असं कुणी सांगितलं असेल तर त्यांनी चुकीचं सांगितलं. रविवारी ज्यांच्याबरोबर तुम्ही गाता त्यांच्यातल्या दोघींना गाठा आणि स्पष्ट सांगा, की आठवड्यातून अमुक दोन रात्री मला झोप हवी आहे, कुणीतरी आईजवळ थांबा. मोघम ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ म्हणू नका. एकमेकांची ओझी वाहा असं प्रेषित पौलानं गलतीकरांना लिहिलं, त्यातलं तुमचं ओझं कोणतं आहे हे त्यांना कळलं तरच त्या ते उचलतील. रागाचा झटका आला की आईला हात लावण्याआधी खोलीबाहेर जा. ओली चादर पाच मिनिटं थांबू शकते.

राहिलं प्रभुभोजन. तुमच्या मनात पौलाचं ते वाक्य असणार, की जो अयोग्य रीतीनं भाकर खाईल तो दोषी ठरेल. हे वाचून कितीतरी प्रामाणिक माणसं प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर राहतात. पण पौल ते कुणाला लिहितो आहे ते बघा. करिंथच्या मंडळीत काही जण लवकर येऊन आपलं आपलं जेवून घेत होते, कुणी झिंगत होते आणि गरीब उपाशी राहत होते. शेजारी भुकेला बसलेला असताना त्याच्याकडे न बघता खाणं, ही ती अयोग्य रीत. स्वतःच्या दुबळेपणाचं ओझं घेऊन रडत येणाऱ्या माणसाला दूर ठेवण्यासाठी ते लिहिलेलं नाही. पुढचंच वाक्य असं आहे, की माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करून घरी बसावं असं पौल म्हणत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की वेदीपाशी दान आणलं आणि भाऊ दुखावलेला आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर. त्या वचनाचा शेवट ‘मग येऊन दान अर्पण कर’ असा आहे. परत येणं त्यात गृहीतच धरलं आहे. म्हणून शनिवारी आईपाशी बसा आणि रविवारी मेजाशी या.

‘सुधारेपर्यंत’ हा शब्द तर तुम्ही मनातून काढूनच टाका. येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट सांगताना आपण ती फार लवकर संपवतो. येशूला पकडल्यावर अंगणात त्यानं तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणून नाकारलं, कोंबडा आरवला, तो रडला, पुढे तळ्याकाठी प्रभूनं त्याला तीनदा विचारलं, ‘तू माझ्यावर प्रेम करतोस का?’ आणि सगळं सुरळीत झालं, असं आपण सांगतो. पण गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचा. तेव्हा पेत्र मंडळीचा मोठा आधारस्तंभ आहे, मेंढरं चारण्याचं, म्हणजे विश्वासणाऱ्यांना सांभाळण्याचं, काम त्याला सोपवलेलं आहे. तरी अंत्युखियात, याकोबाकडची माणसं आल्यावर, लोक काय म्हणतील या भीतीनं तो परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठून गेला. अंगणातल्या शेकोटीपाशी ज्या भीतीनं घात केला होता तीच पुन्हा. पौलानं त्याला तोंडावर, सगळ्यांसमोर सुनावलं. आणि पेत्र प्रेषित राहिला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे मला फार मोलाचं वाटतं. त्याचं चुकणं कुणी झाकलं नाही आणि त्याला कुणी हाकललंही नाही. तुमच्या मंडळीत तुम्हाला असं तोंडावर सांगणारं आणि तरीही जवळ धरणारं एखादं वडीलधारं माणूस असेल तर त्यांच्यापाशी हे सगळं बोला. याकोबाच्या पत्रात आपली पापं एकमेकांजवळ कबूल करायला सांगितलं आहे ते याचसाठी.

प्रश्न : मी एका संस्थेचे हिशेब सांभाळतो. काही वर्षं खोटी बिलं लावून पैसे उचलले. नंतर माझं हृदयपरिवर्तन झालं. देवापुढे रडून क्षमा मागितली आणि खरोखर शांती मिळाली. आता ते सगळं उकरून काढायची गरज आहे का? मित्र म्हणतो, देवानं आपली पापं समुद्राच्या तळाशी टाकली आहेत, तू ती वर का काढतोस?

उत्तर : भाऊ, मीखा संदेष्ट्याचं ते वचन खरं आहे आणि तुमची शांतीही खरी असेल. पण पैसे समुद्राच्या तळाशी गेलेले नाहीत. ते तुमच्याकडे आहेत.

श्रीमंत जकातदार जक्कयाचा प्रसंग लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. येशूनं त्याला झाडावरून खाली बोलावलं तेव्हा आधी पैसे परत कर, मग तुझ्या घरी येतो, अशी अट घातली नाही. तो सरळ त्याच्या घरी गेला, लोक कुरकुरत असतानाच. कुणीही न मागता जक्कय उभा राहिला आणि म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. नियमशास्त्रात अपराध कबूल करणाऱ्यानं मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा असं गणनाच्या पाचव्या अध्यायात आहे. चौपट भरपाई निर्गमात आहे, चोरलेलं मेंढरू कापून खाल्लं किंवा विकलं तर. जक्कयानं स्वतःला ती जड शिक्षा लावून घेतली. कृपा आधी आली, हिशेब मागून आला, पण आला. तुमच्याकडे पहिली गोष्ट पोचली आहे. दुसरी अजून वाटेत आहे, आणि तुमचा मित्र तिला वाटेतच थांबवू पाहतो आहे.

तुम्ही हिशेबाचे माणूस आहात, तेव्हा हिशेबानंच जा. बिलागणिक यादी करा, तारखा आणि रकमा लिहा, बेरीज करा. सर्वांत आधी पत्नीला सांगा, कारण याची झळ तिलाही बसणार आहे आणि तिला ते बाहेरून कळणं फार वाईट. मग एखाद्या वकिलाचा सल्ला घ्या. कायद्यानं काय होऊ शकतं हे माहीत असणं म्हणजे अविश्वास नव्हे. त्यानंतर संस्थेच्या जबाबदार माणसाकडे यादी आणि जमेल तेवढी पहिली रक्कम घेऊन जा. निनावी पाकिटातून पैसे पाठवावेत असं मनात येईल. पैसे मुळीच न देण्यापेक्षा ते बरं, पण त्यामुळे तुमच्या हाताखालच्या निरपराध माणसांवर संशय राहू शकतो. मला ते पुरेसं वाटत नाही.

नोकरी जाईल, प्रकरण पोलिसांत जाईल, हे होऊ शकतं. ते होणारच नाही अशी हमी मी देणार नाही आणि देवाच्या नावानंही कुणी देऊ नये. उशीर मात्र करू नका. जॉन न्यूटन यांचं उदाहरण बघा. १७४८ मध्ये समुद्रावरच्या वादळात त्यांनी देवाचा धावा केला, आपल्या विश्वासाची सुरुवात ते तिथून धरत. तरी त्यानंतर ते गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर कप्तान होते. १७५४ मध्ये समुद्र सोडला तोही आजारपणामुळे. १७६४ मध्ये धर्मोपदेशक झाले. आणि त्या व्यापारातला आपला वाटा जाहीरपणे कबूल करणारी पुस्तिका त्यांनी छापली १७८८ मध्ये, समुद्र सोडल्यानंतर ३४ वर्षांनी. ती कबुली खरी होती. त्या व्यापाराविरुद्ध त्यांनी साक्षही दिली, आणि १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेनं तो बंद केला. विश्वास मिळाल्याबरोबर सदसद्विवेक एका रात्रीत जागा होत नाही, हे त्यांच्या आयुष्यात दिसतं, आणि ते मला धीर देतं. पण मधल्या वर्षांत ज्यांना साखळ्या घातल्या गेल्या त्यांना या धीराचा काय उपयोग, हेही विसरता येत नाही. तुमचा विवेक जागा झाला आहे. यादी या आठवड्यात करायला घ्या.

प्रश्न : प्रार्थनेला बसलं की मन भरकटतं. कामं, भांडणं, देणी, सगळं आठवतं. मग प्रार्थना सोडून देतो. विश्वास कमी आहे म्हणून असं होतं का?

उत्तर : नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात स्वयंपाकघरात राबणारे ब्रदर लॉरेन्स होते. देवाच्या सान्निध्यात राहण्याबद्दल आजही लोक त्यांचं नाव घेतात, पण मन भटकतं हे तेही सांगत. भटकलं की चिडायचं नाही, शांतपणे परत आणायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी त्यात एवढंच घालीन, की मन जिथे गेलं तेच प्रार्थनेत घ्या. देणं आठवलं तर त्या देण्याबद्दल बोला. भांडण आठवलं तर त्या माणसाचं नाव घ्या. लांब प्रार्थना जमत नसेल तर प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणा. अगदी सुरुवातीच्या काळातल्या एका ख्रिस्ती पुस्तिकेत हीच रीत सांगितली आहे. त्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीला लागूनच क्षमेची मागणी येते. आपल्या शिष्यांना क्षमेची गरज भाकरीइतकीच वारंवार पडणार, हे येशूला ठाऊक होतं.

प्रश्न : ज्या पाळकांनी मला बाप्तिस्मा दिला त्यांनी मंडळीतल्या काही कुटुंबांचे पैसे बुडवल्याचं आता सिद्ध झालं आहे. मी हादरलो आहे. अशा माणसाच्या हातून झालेला माझा बाप्तिस्मा खरा मानायचा का? आणि असे लोक असतील तर मंडळीत राहायचं तरी का?

उत्तर : तुमचा पहिला प्रश्न फार जुना आहे आणि त्यावर उत्तर आफ्रिकेतली मंडळी शंभराहून अधिक वर्षं दुभंगलेली होती. ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियननं ख्रिस्ती लोकांचे पवित्र ग्रंथ जप्त करून जाळायचा हुकूम काढला. काही धर्माधिकाऱ्यांनी जिवाच्या भीतीनं ग्रंथ देऊन टाकले. छळ थांबल्यावर कार्थेजला नवा बिशप नेमला गेला, तेव्हा नेमणुकीच्या विधीत ज्यांनी त्याच्यावर हात ठेवले त्यांच्यापैकी एकानं ग्रंथ दिले होते, म्हणून ही नेमणूकच खोटी, असं एका गटानं ठरवलं. त्यांना पुढे डोनाटिस्ट म्हणू लागले. भ्रष्ट हातांनी दिलेला बाप्तिस्माही भ्रष्ट, असं त्यांचं मत. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी त्याला उत्तर दिलं, की बाप्तिस्मा देणारा खरा ख्रिस्तच असतो, पाणी ओतणारा माणूस कसाही असो. ४११ मध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंचे बिशप समोरासमोर बसले आणि निकाल डोनाटिस्टांच्या विरुद्ध लागला. पुढे याच ऑगस्टीननी विरोधकांवर सरकारी बळजबरी करण्याचं समर्थन केलं. ते मला मुळीच पटत नाही. पण बाप्तिस्म्याबद्दलचं त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तुमचा बाप्तिस्मा खरा आहे. तो त्या पाळकांच्या चांगुलपणावर कधी उभाच नव्हता.

मात्र यातून भलताच अर्थ काढणारे भेटतील. ‘आपण सगळेच पापी, कुणी कुणाचा न्याय करू नये, पाळकांना क्षमा करा आणि विषय मिटवा’ असं ते सांगतील. गव्हाबरोबर निदण, म्हणजे तण, वाढतं, कापणीपर्यंत राहू द्या, हा दाखलाही ऐकवतील. येशूनं त्या दाखल्यातलं शेत म्हणजे जग असं स्वतःच सांगितलं आहे. लबाडी करणाऱ्याच्या हातात मंडळीच्या तिजोरीची किल्ली राहू द्यावी, असं त्यात कुठेही नाही. बाप्तिस्मा खरा ठरला म्हणून पद शाबूत राहत नाही. त्या पाळकांना पश्चात्ताप करून विश्वासणारा म्हणून सगळ्यांबरोबर मागच्या बाकावर बसता येईल, ती जागा त्यांच्यासाठी नक्की ठेवा. व्यासपीठ आणि पैसा मात्र त्यांच्याकडे जाता कामा नये. पैसे परत मिळायला हवेत आणि त्यासाठी कुटुंबांना कायद्याकडे जायचं असेल तर मंडळीनं आड येऊ नये.

राहायचं का, या प्रश्नावर माझं मत असं आहे, की लगेच काहीच ठरवू नका. आधी त्या बुडालेल्या कुटुंबांकडे जा. पाळकांबद्दल मंडळीत पुष्कळ बोलणं चाललं असेल, पण या कुटुंबांच्या घरी कोण गेलं? कुणाचं किती गेलं, काय अडलं आहे, कागदपत्रं आहेत का, हे विचारा. तक्रार लिहायला मदत लागेल, बैठकीत त्यांच्या शेजारी बसायला कुणीतरी लागेल. त्यांच्यातले काही उपासनेला येणं थांबवून बसले असतील. ते यायला तयार झाले तर त्यांच्याबरोबर जा. तयार नसतील तर आग्रह करू नका. रविवारची प्रार्थना त्यांच्या घरी, त्यांनी बोलावलं तर, करा.